आत्याचं ‘कळलं’

जगाच्या पाचही खंडांत मिळून निदान चारशे माणसं त्या शिंपिणीला आत्या म्हणत, आणि त्यांतल्या तीनशे नव्व्याण्णवांशी तिचं काडीचंही नातं नव्हतं. नातं होतं ते एकीशी, थोरल्या भावाच्या मुलीशी. ती आत्या म्हणायची म्हणून बाकीच्यांनीही तेच उचललं. निम्म्यांची तर समजूत अशी, की सचिव असतो, खजिनदार असतो, तसं आत्या हेही एखादं पद असावं. आणि खरं सांगायचं तर ते पद होतंच.

हा सगळा पसारा जागल्याचा. जागल्या म्हणजे एक प्रोग्राम. इतका चिमुकला, की शिंपिणीच्या बटणांच्या डबीत मावला असता आणि वर चार बटणं ठेवायला जागा उरली असती. पण दवाखान्यांतले चाळीस हजार फ्रीज त्याच्या भरवशावर चालत. लस, रक्त, इन्शुलिन ठेवतात ते फ्रीज. आत थर्मामीटर, त्याची तार बाहेर, तारेच्या टोकाला जागल्या. फ्रीज तापला की यानं बोंब ठोकायची, एवढंच काम.

तो लिहिला शिंपिणीच्या दादानं. दादा फ्रीज दुरुस्त करणारा मेकॅनिक. एका दवाखान्यातला फ्रीज शनिवारी गुपचूप बंद पडला आणि सोमवारी कळला. आतल्या सगळ्या लशी मोरीत ओताव्या लागल्या. त्या दिवशी दादा घरी येऊन न जेवता बसला तो आठव्या दिवशी उठला, आणि उठला तेव्हा जागल्या तयार होता. मग त्यानं तो उघड्यावर ठेवून दिला. ज्याला हवा त्यानं घ्यावा, आतली ओळ न् ओळ वाचावी, सुचली सुधारणा तर पाठवावी. मालक कुणीच नाही.

मालक नाही म्हटल्यावर राखायचं कुणी? म्हणून दादानं पानभर यादी केली. तिला सगळे वही म्हणत. लिहिणाऱ्यांनी लिहावं, पण आपलं लिहिलेलं आपणच पास करू नये. तपासणाऱ्या दोघांनी तपासावं. बाहेर सोडायची किल्ली एकाच माणसाच्या हाती असावी. आणि मग ती ओळ, जिला पहिल्यांदा सगळे हसले होते: प्रत्येक बदल आत्याला साध्या भाषेत समजावून सांगावा, ती ‘कळलं’ म्हणेपर्यंत तो पुढे जाणार नाही. दादाचं म्हणणं असं, की जे शिवणकाम करणाऱ्या बाईच्या गळी उतरवता येत नाही, ते लिहिणाऱ्यालाच कळलेलं नसतं. याच ओळीखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. न कळता कळलं म्हटलं, तर आत्यानं पद सोडावं.

हसणारे पुढे हसेनासे झाले. एका थंड मुलुखातला साडेसहा फुटी इंजिनीअर तिला आपला बदल अकरा दिवस समजावत होता. चित्रं काढून झाली, कॅमेऱ्यासमोर चमचे मांडून झाले. बाई रोज म्हणायची, नाही कळलं. बाराव्या दिवशी त्याला आपलीच चूक सापडली. त्यानं कृतज्ञतेनं स्वतःच्या मापाचे लोकरीचे मोजे विणून धाडले. त्यांतला एक शिलाई मशीनवर झाकण म्हणून बसतो. दुसऱ्यात मांजर राहतं.

नऊ वर्षांत तिनं तीनशे बारा वेळा कळलं म्हटलं, आणि तीनशे बाराही वेळा तिला कळलेलं होतं. तीनशे तेरावं आठ दिवसांपूर्वी दिलं होतं. आज संध्याकाळी पाच वाजता तो बदल बाहेर पडायचा होता.

साडेतीनला मास्तर आले, कोट न्यायला.

मास्तर शेजारच्या शाळेत भूगोल शिकवायचे आणि कुठल्याही वर्गात शिरताना आधी त्यांचं पोट शिरायचं. कोट अंगात गेला. मधलं बटण मात्र काजापासून चार बोटं लांब राहिलं.

“बाई, हा कुणासाठी शिवलाय?”

“तुमच्यासाठीच. पोट आत घ्या.”

“घेतलंय. ही घेतल्यानंतरची परिस्थिती आहे.”

शिंपिणीनं तोंडात टाचण्या धरल्या आणि कोटाची बाजू उसवायला घेतली. “चार निरोप धाडले, मापाला आला नाहीत,” ती टाचण्यांच्या फटीतून म्हणाली. “शेवटचं माप लिहिलेलं होतं, त्यावर कापला.”

“म्हणजे माणूस आला नाही की शेवटचं माप धरायचं?”

“दुसरं काय धरणार?”

“आणि तो आलाच नाही तर? दहा वर्षं आलाच नाही तर? तुम्ही आपल्या दरवर्षी त्याच मापाचे कोट शिवत बसणार, आणि माणूस तिकडे फुगून फुगून...”

“हात वर करा,” ती म्हणाली. मास्तर हात वर करून उभे राहिले. बराच वेळ झाला तरी खाली करा असं कुणी म्हणेना.

शिंपीण कापायच्या टेबलाकडे बघत होती. तिथं लॅपटॉप उघडा होता. नव्या जागल्याचं माहितीचं पान लिहायचं कामही तिच्याकडेच, आणि सकाळपासून ते पान एका वाक्यावर अडलं होतं. ‘थर्मामीटरनं वेडावाकडा आकडा दिला, तर जागल्या तो सोडून देतो आणि शेवटचा शहाणा आकडा धरून ठेवतो.’ पुढचं वाक्य काही केल्या येत नव्हतं. आज हात चालत नाही, असं ती स्वतःला सांगत होती. हाताला काही झालेलं नव्हतं.

हा बदल भाचीनं लिहिला होता. आता जागल्याची मुख्य तीच. नर्सांच्या तक्रारी यायच्या, की तार जरा हलली की थर्मामीटर नव्वद अंश म्हणतं, जागल्या बोंब ठोकतो, आम्ही धावत जातो, तर फ्रीज थंडगार. काहींनी वैतागून जागल्याचा आवाजच बंद केला होता. भाचीनं त्यावर उपाय काढला. दोघांनी तपासून पास केला. मग ती दुकानात येऊन आत्याला समजावायला बसली. तेव्हा दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी, मशीनचा पट्टा तुटलेला. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा शिंपीण ‘नाही कळलं’ म्हणणार, एवढ्यात भाचीनं घड्याळ पाहिलं आणि अगदी मायेनं म्हणाली, “राहू दे आत्या. आता तुझ्या डोक्याला कशाला त्रास?”

त्या ‘आता’नं घोळ केला. शिंपिणीला त्याच आठवड्यात चष्म्याचा नंबर वाढवून मिळाला होता. तिनं लॅपटॉप ओढला आणि टाइप केलं: कळलं.

आणि आता मास्तर हात वर करून तिच्यासमोर तिनं न विचारलेला प्रश्न विचारत उभे होते. तार हलली तर ठीक. पण तुटली तर? मग येणारा प्रत्येक आकडा वेडावाकडाच. जागल्या प्रत्येक आकडा सोडून देणार आणि शेवटचा शहाणा आकडा धरून बसणार. चार अंश, सगळं ठीक. फ्रीजमध्ये आतल्या आत भट्टी पेटली तरी चार अंश, सगळं ठीक.

तिनं एकेक टाचणी तोंडातून काढून उशीत खोचली. सहा टाचण्या. घाई केली असती तर एखादी गिळली असती.

“मास्तर, तुम्ही हलू नका.”

“म्हणजे किती वेळ?”

तोवर ती भाचीला फोन लावत होती. फोन बंद. असणारच. आज भाची दुसऱ्या गावी एका मोठ्या सभागृहात होती, तीनशे दवाखान्यांच्या माणसांसमोर. व्यासपीठावर एक फ्रीज मांडलेला, मागे मोठा पडदा, पाचच्या ठोक्याला नवा जागल्या सगळ्यांदेखत बाहेर पडणार. फोन सकाळपासून बंद ठेवणार हे तिनंच बजावून सांगितलं होतं. आणि दवाखान्यांतले फ्रीज नवा जागल्या घ्यायचे तीन महिन्यांतून एकदा. आज जो जाऊन बसेल तो तीन महिने बसेल.

चार वाजायला दहा मिनिटं होती. शिंपीण जिना चढून दादाकडे गेली.

दादा खिडकीशी टेबलफॅनचं पोट उघडून बसला होता. दोन वर्षांपूर्वी त्यानं जागल्याचं काम मुलीकडे सोपवलं, त्या दिवसापासून त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण स्क्रू फिरवायचा थांबला नाही.

“तू सांग त्यांना थांबवायला,” ती म्हणाली. “तुझा शब्द अजून कुणी मोडत नाही.”

“म्हणूनच सांगणार नाही.”

“दादा, चाळीस हजार फ्रीज आहेत.”

“मला मोजता येतं. मी पद सोडलंय. सोडलेल्या माणसानं येऊन थांबवलं, तर उद्या सोडलेला माणूस येऊन चालूही करेल.” त्यानं स्क्रू जिभेवर ठेवला, काढला. “थांबवायची जागा कुणाची आहे, वाच वहीत.”

“माझी आहे. मला माहीत आहे.”

“मग वर कशाला आलीस?”

ती दारात उभी राहिली. “खालची ओळही तूच लिहिलीस ना? पद सोडावं म्हणून.”

आता स्क्रूड्रायव्हर थांबला. “तेव्हा तुला डोळ्यांसमोर ठेवून नव्हती लिहिली,” तो म्हणाला. “तू असं करशील, हे डोक्यातही आलं नव्हतं.”

शिवी दिली असती तर बरं, असं तिला जिना उतरताना वाटलं.

खाली मास्तर कोटात तसेच. बाजू अर्धी उसवलेली, त्यामुळे बसायची सोय नाही. “बाई, एक हात खाली केलाय,” ते म्हणाले. “दुसऱ्याचं काय ते सांगा.”

किल्ली ज्याच्या हाती होती त्याला सगळे कुलूप म्हणत. तो कुठल्या देशात राहतो हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं, चेहरा कुणी पाहिलेला नव्हता. नियमाला इतका पक्का, की त्याला जांभई आली तर तीही तो आधी दोघांकडून तपासून घेत असावा. शिंपिणीनं चष्मा पुसला आणि एका बोटानं लिहायला लागली. आणि पहिलं वाक्य तिच्या बोटातून खोटं उतरलं.

‘माहितीचं पान तयार नाही. सोडायचं उद्यावर टाकावं.’

सव्वाचार. उत्तर आलं: ‘पान मागाहून जोडता येतं. वहीत ते थांबण्याचं कारण नाही. सोडणं पाचला.’

‘मुख्य फोनवर सापडत नाही.’

‘मुख्य सापडण्याची गरज नाही. तिचं काम झालेलं आहे.’

‘मला थोडी शंका आहे.’

या वेळी उत्तराला वेळ लागला. मास्तर एक हात वर धरूनच सरकत सरकत टेबलापाशी आले होते आणि तिच्या खांद्यावरून वाचत होते. चारला वीस मिनिटं कमी होती तेव्हा त्यांनी हात वर केले होते. आता पाचला वीस मिनिटं कमी होती.

‘शंका असा रकाना नाही,’ कुलूपनं लिहिलं. ‘या बदलावर तुमचं कळलं आहे. ते आहे की नाही?’

“हा गृहस्थ माझ्या मुख्याध्यापकांचा भाऊ असावा,” मास्तर म्हणाले.

तिनं बोट उचललं आणि तसंच अधांतरी ठेवलं. आतापर्यंत जे लिहिलं ते फक्त कुलूपला दिसत होतं. कळलं मागे घ्यायचं म्हणजे सगळ्यांसमोर. चारशे माणसं वाचणार, सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर तीनशे आणखी. नऊ वर्षं ती दुपारी दुकान अर्धा तास बंद ठेवून पाटीवर ‘कामात आहे’ लिहायची, आणि ते काम हे होतं. कपडे काय, गल्लीत आणखी दोघे शिवतात. ‘नाही कळलं’ म्हणायचं आणि समोरच्या हुशार माणसाला घाम फुटलेला बघायचा, ही जागा जगात तिला एकदाच मिळाली होती. आणखी असंही होतं, की तपासणारे दोघे हुशार, भाची हुशार. कदाचित तार तुटायचा विचार त्यांनी कुठंतरी केलाही असेल आणि तिलाच तो कळला नसेल. मग पदही जाणार आणि शोभाही होणार.

“मास्तर,” ती म्हणाली, “मघाशी तुम्ही विचारलंत ना, तो आलाच नाही तर. ते गमतीनं विचारलंत?”

“गमतीनंच. पण उत्तर अजून दिलं नाहीत.”

“नाही ना,” ती म्हणाली. “मलाही कुणी दिलं नाही.”

पाचला अकरा मिनिटं कमी. तिनं सगळ्यांना दिसेल त्या जागी लिहिलं, अक्षर अक्षर शोधत: ‘तीनशे तेराव्या बदलावरचं माझं कळलं मी मागे घेते. कारण, मला कळलं नव्हतं. तरी मी कळलं म्हटलं. तार तुटली आणि शहाणा आकडा पुन्हा कधीच आला नाही, तर जागल्या किती वेळ गप्प बसेल? आत्या.’

पाठवलं. काहीच झालं नाही.

पाचला आठ कमी. मशीनवरच्या मोज्याकडे बघून मांजर जांभई देत होतं. पाचला सहा. मास्तरांचा वरचा हात अजून वरच होता, खाली करायचं त्यांनाही सुचेना. पाचला चार.

‘वहीप्रमाणे याचा पुढचा अर्थ काय, हे तुम्हाला माहीत आहे?’ कुलूपनं विचारलं.

‘माहीत आहे. पद सोडलं.’

पाचला दोन. मग एकच शब्द आला. ‘थांबवलं.’

शिंपिणीनं लॅपटॉपवर कापड टाकलं, मास्तरांचा हात धरून खाली केला, आणि कोटाची बाजू जिथं उसवायची राहिली होती तिथून पुढे उसवायला लागली.

पाच वाजून नऊ मिनिटांनी फोन वाजला. मागे तीनशे माणसांची कुजबुज होती आणि पुढे भाचीचा आवाज, दबलेला, कडक.

“आत्या, मी पडद्यामागे उभी आहे. समोर तुझं पत्र एवढ्या मोठ्या अक्षरांत लागलंय. मला एक फोन करता आला नाही तुला?”

“तुझा बंद होता.”

“दोघांनी तपासलंय गं ते. कोड बरोबर आहे.”

“असेल. मी कोडाबद्दल कुठं काय म्हटलंय? तुझ्याकडे फ्रीज आहे ना तिथं?”

“आहे.”

“त्याला जोडलेला जागल्या नवा आहे?”

“नवाच आहे. का?”

“मग तार उपट. सगळ्यांसमोर. दार उघडं टाक आणि बघत बस.”

“आत्या, हे लोक...”

“त्या दिवशी तू मला तीनदा सांगितलंस आणि मी तुला एकदाही हे विचारलं नाही. माझं चुकलं. आता विचारतेय.”

फोन बंद झाला नाही. भाचीनं तो चालूच ठेवून खिशात टाकला असावा. बुटांचा आवाज आला, लाकडी फळ्यांवरून चालल्याचा. मग तार निघाल्याचा बारीक टक आवाज. मग फ्रीजचं दार. मग काहीच नाही. शिंपीण आणि मास्तर फोनवर वाकून ते काहीच नाही ऐकत राहिले. पाच मिनिटं. सात. दहा. कुणीतरी खोकलं. मग कुणीतरी, बहुधा पडद्यावर बघून, मोठ्यानं वाचलं: “चार अंश. सगळं ठीक.”

आणि पुढच्या रांगेतून एक बाई, आवाजावरून जुनी नर्स, शांतपणे म्हणाली, “आमच्याकडे तार महिन्यातून दोनदा तुटते.”

भाची दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात आली. रात्रभर झोपलेली दिसत नव्हती. टेबलाच्या कडेशी बसली, एक दोरा उचलून बोटाला गुंडाळत राहिली.

“त्या दिवशी मी ‘आता’ म्हटलं,” ती म्हणाली. “ते मी म्हणायला नको होतं.”

“ते ऐकून मी टाइप करायला नको होतं.”

“तू परत ये. वहीतली ती खालची ओळ आपण काढून टाकू.”

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. दादा खाली येत होता, दोन वर्षांत पहिल्यांदा या विषयासाठी. “काढा की,” तो शेवटच्या पायरीवरून म्हणाला. “वहीत बदल करायचा म्हणजे तो आधी आत्याला कळला पाहिजे. आणि आत्या कुठं आहे?”

भाचीनं शिंपिणीकडे पाहिलं. शिंपिणीनं मान हलवली.

“म्हणजे आधी नवी आत्या नेमायची,” भाची म्हणाली. “कोड येत नसलेलं, चिवट, आणि नको तिथं नको ते विचारणारं माणूस. कुठून आणू?”

मास्तर कोपऱ्यातल्या आरशासमोर उभे होते. कोट आता बसत होता. ते मधलं बटण लावत होते, काढत होते, पुन्हा लावत होते. दुकानातलं बोलणं थांबलं, तशी त्यांनी आरशातूनच मागे पाहिलं. तिघं जणं त्यांच्याकडे बघत होती.

“काय झालं?” ते म्हणाले. “मागून उसवलाय का?”

चारशे माणसांनी मतं दिली. विरोधात एकही गेलं नाही. कुलूपनं नोंद केली आणि खाली एक हसरा चेहरा लावला. नऊ वर्षांतला पहिला. तो खरंच कुलूपनं लावला की कुणी त्याची किल्ली चोरली, यावर पुढे दोन दिवस चौकशी झाली.

मग पुढच्या सोमवारी, मधल्या सुट्टीत, भाची नव्या आत्याला दुरुस्ती समजावायला दुकानात बसली. झुपकेदार मिशांची आत्या खुर्चीत मावत नव्हती, म्हणून बाकावर.

“सोपं आहे,” भाची म्हणाली. “वेडा आकडा एकदा आला, सोडून दे. दुसऱ्यांदा आला, सोडून दे. ओळीनं तिसऱ्यांदा आला, की जागल्या बोंब ठोकणार: थर्मामीटर बघा.”

मास्तरांनी मिशीवरून हात फिरवला. “नाही कळलं.”

मशीनमागे शिंपिणीला पहिल्याच वाक्याला कळलं होतं. तिची मान वर झाली.

“पुन्हा सांगते,” भाची म्हणाली, आणि तिनं पुन्हा सांगितलं.

“तीन आकडे यायला किती वेळ लागतो?”

“तीन मिनिटं.”

“आणि दोन वेडे, एक शहाणा, पुन्हा दोन वेडे, एक शहाणा, असंच चाललं तर?”

भाचीनं टेबलावरचा एक दोरा उचलून बोटाला गुंडाळला. दोरा बोटाला करकचून आवळला गेला. तिनं सवयीनं वळून मशीनकडे पाहिलं.

शिंपिणीला उत्तर सुचलं होतं. अगदी जिभेवर होतं, एका वाक्याचं. तिनं उशीतून सहा टाचण्या काढल्या, एकेक करून ओठांत धरल्या, आणि हातात कापड नसताना मशीनचं चाक फिरवायला लागली.